रेतीवरचा विंडसॉक कुणी पळवला?

माझं नाव विश्वेश्वर गर्दे. काशीत ज्यांच्या नजरेतून काही सुटत नाही असे विश्वेश्वर दोनच. एक देवळात बसतात, दुसरा मी, दुर्गाघाटाच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्याकडे रांग असते, माझ्याकडे नसते, एवढाच फरक. माझी उंची पाच फूट चार इंच आहे, पण बुद्धीची उंची धरली तर आमच्या जिन्यातून मला वाकूनच चढावं लागेल. तीक्ष्ण नाक, भेदक डोळे (चष्म्यासकट) आणि कुठल्याही प्रसंगी न डळमळणारा आत्मविश्वास, ही माझी हत्यारं.

रेल्वेच्या बेवारस सामानाच्या कचेरीत मी एकतीस वर्षं काढली. छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट, असं सगळं माझ्या हाताखालून गेलं. मालविका, म्हणजे माझी बायको, म्हणते की त्या कचेरीत वस्तू आधीच सापडलेली असायची, हरवलेला असायचा तो मालक, तेव्हा वस्तू शोधायचा अनुभव तुम्हाला शून्य. ती शाळेत भूगोल शिकवते. भूगोलवाल्यांना ठिकाणं कळतात, कारणं कळत नाहीत, म्हणून मी तिचं बोलणं मनावर घेत नाही.

आता प्रकरणाकडे येतो. अखिल भारतीय हौशी उड्डाण परिषद नावाची एक संस्था आहे. पाठीला पंखा बांधून आणि डोक्यावर कापडी पंख पसरून हवेत जाणाऱ्या हौशी माणसांची ही देशभरची संस्था. तिथे पगार कुणालाच नाही. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, ते दाढा काढून झाल्या की संध्याकाळी परिषद चालवतात. नियमांची पुस्तिका एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी टाईप केली, त्यामुळे त्यात स्पेलिंगच्या चुका नाहीत आणि तीन ठिकाणी 'शिस्त पाळा' असं लिहिलंय. आमच्या काशी शाखेत माणसं नऊ आणि पदं तेरा. सगळेच पदाधिकारी, साधा सभासद औषधालाही नाही. मालविका सुरक्षा प्रमुख, कारण ती स्वतः उडते. मी उडत नाही. मला उंचीची भीती वाटते असं काही लोक म्हणतात, पण मुळात गुप्तहेराचं काम जमिनीवर असतं. मी दक्षता प्रमुख आणि शिवाय सत्कार साहित्य प्रमुख.

आणि ज्यांच्या जीवावर ही शाखा चालते ते गोपीनाथराव पाटणकर. वेदपाठशाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला, काडीसारखा, हळू बोलणारा माणूस. बावीस वर्षांपूर्वी ही शाखा त्यांनीच काढली. परवानगीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या त्यांनी झिजवल्या, रेतीवर खांब त्यांनी रोवला, प्रथमोपचाराची पेटी त्यांनी भरली. वर्षातून दोन-तीनदाच उडायची परवानगी मिळते, आणि प्रत्येक वेळी खाली थांबायला कुणीतरी लागायचंच. "आधी तुम्ही जा, मी आहे इथे," असं म्हणत म्हणत बावीस वर्षं गेली. मागच्या महिन्यात मालविकेनं हट्टानं त्यांना मावळात पाठवलं. तिथे शिक्षकाबरोबर दोन-आसनी उड्डाणं झाली, परीक्षा झाली, डॉक्टरांचा दाखला मिळाला. राहिलं होतं फक्त एक, एकट्यानं पहिलं उड्डाण. परिषदेचा नियम असा की हे उड्डाण वयाची सत्तर वर्षं पूर्ण व्हायच्या आत करायचं.

उद्या गोपीनाथरावांचा सत्तरावा वाढदिवस. परवानगीचा कागद फक्त आजचा. आज उडाले नाहीत तर मग या जन्मी नाही.

तर त्या फेब्रुवारीच्या सकाळी साडेसहाला मी रामजतनच्या नावेतून पलीकडच्या रेतीवर उतरलो. मालविका आणि बाकीची मंडळी अंधारातच पुढे गेली होती. हवेत गारठा होता. निघताना मला खुंटीवर एक कोरी, तपकिरी, ऊबदार शाल दिसली, ती मी गुंडाळून घेतली. सव्वीस वर्षांच्या संसारात बायको न बोलता अशी काळजी घ्यायला लागते, या विचारानं मला नावेत बसल्या बसल्या भरून आलं.

रेतीवर मात्र सगळे पडलेल्या चेहऱ्यानं उभे होते. मधोमध खांब, खांबाच्या टोकाला लोखंडी कडं, आणि कड्याला काहीच नाही.

"विंडसॉक नाही," मालविका म्हणाली.

विंडसॉक म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची लांबलचक कापडी नळी. एक तोंड मोठं, एक लहान. खांबावर लावली की वारा कुठून येतोय आणि किती जोरात, ते कळतं. तिच्याशिवाय उडायचं नाही हा नियम क्रमांक सतरा. एका साली कुणीतरी नुसता गमछा बांधून वाऱ्याचा अंदाज घेतला होता आणि दोघांचे पाय मोडले होते. तेव्हापासून परिषदेच्या शिक्क्याचाच विंडसॉक हवा, असा नियम झाला. तो लिहिला होता गोपीनाथरावांनी.

"माझं उपरणं बांधू," मी सुचवलं.

"नको," गोपीनाथराव म्हणाले. "नियम सगळ्यांना, तसा मलाही."

परिषदेतर्फे साक्षीदार म्हणून नागपूरहून कुशल नावाचा तरुण आला होता, तोही स्वतःच्या रजेवर, स्वतःच्या तिकिटानं. रात्री आठच्या गाडीनं त्याला परतायचं होतं. तो म्हणाला, "काका, सकाळी नऊपर्यंत हवा शांत असते. मग थेट चारनंतर. सूर्यास्ताला परवानगी संपते."

मी घसा साफ केला. "कुणीही जागचं हलू नका. सगळ्यांच्या पायांचे ठसे मला हवेत."

"रेतीवर नऊ जणांनी पाऊण तास चकरा मारल्यात, विश्वेश्वरभाऊ," शरदिनीताई म्हणाल्या. त्या आमच्या सामान प्रमुख. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, म्हणून काळा चष्मा. "आणि ठसे बघून काय करणार? मी सांगते ना. विंडसॉक मीच काढून घरी नेला होता. फार मळला होता, धुतला, इस्त्री केली, एका बऱ्या खोक्यात घातला आणि काल सत्काराच्या टेबलावर आणून ठेवला. तुम्हाला म्हटलं पण, की उद्या सकाळी हा आठवणीनं न्या. तुम्ही मान डोलावलीत."

मी तेव्हा भाषण करत होतो. भाषण करताना माणूस मान डोलावतोच.

काल संध्याकाळी पाच वाजता अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर गोपीनाथरावांचा सत्कार झाला होता. सत्काराशिवाय मराठी माणूस साधा दवाखान्यातून घरी येत नाही, मग उडायला कसा जाईल? शाल-श्रीफळ कुशलच्या हस्ते. वारा इतका होता की शाल उलगडली असती तर थेट नदीपलीकडच्या रामनगरला गेली असती, म्हणून खोकंच हातात दिलं. मी फोनमधला कालचा फोटो उघडून बघितला. गोपीनाथराव ओशाळून उभे, हातात शालीचं खोकं, खोक्यावर नारळ, शेजारी हसणारा कुशल. मागे टेबल. टेबलावर तबक, हार, माईक. मी फोटो मोठा करून इंच न् इंच तपासला.

"टेबलावर शरदिनीताईंचं खोकं नाही!" मी गरजलो. "म्हणजे चोरी फोटोच्या आधी झाली!"

सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. निदान दोघांनी तरी.

"बाबूजी, बनरवा ले गयल होई, अउर का," रामजतन नावेतूनच ओरडला.

बनारसमध्ये काहीही गेलं की माकडावर ढकलायचं, हा आळशी माणसाचा तर्क. "माकड खोक्यासकट नेत नाही, रामजतन. खोकं तिथेच उघडतं आणि आवडलं नाही तर तुझ्या डोक्यावर फेकतं. हे काम माणसाचं आहे, आणि ज्याला आकाशात दुसरं कुणी नको आहे अशा माणसाचं."

"म्हणजे?" मालविकेनं विचारलं.

"पतंगवाले!"

तर्क निर्दोष होता. आकाश एक आणि दावेदार दोन. मी उलट पावली नाव अलीकडे आणवली आणि गल्लीतल्या पतंगांच्या दुकानात शिरलो. दुकानदार आजोबा पाटावर बसून चहा पीत होते. मी ओळख न देता अत्यंत चतुराईनं विचारलं, "नारंगी और सफेद कपडा है क्या?"

"कपडे का पतंग नाहीं होत, भइया. कागज का होला."

"काल शाम पाँच बजे आप कहाँ थे?"

"इहें. चालीस साल से इहें हईं."

चाळीस वर्षं इथेच! इतकं पक्कं उत्तर म्हणजे नक्की पाठ केलेलं. मी दुकानाचा कानाकोपरा पाहिला. मात्र झडती घेताना गिऱ्हाइकाचं सोंग तर आणायला हवं. त्या सोंगापायी मी तीन पतंग आणि मांज्याची एक फिरकी घेऊन बाहेर पडलो. फिरकी चांगली होती.

बाहेर मालविका उभी होती. ती माझ्यामागोमाग आली होती, कारण मला एकट्याला सोडणं हेही सुरक्षा प्रमुखाच्या कक्षेत येतं, असं ती म्हणते.

"अहो, आठ वाजत आले. एक घंटा उरलाय. जरा नीट सोचा ना."

आमच्या घरी मराठी अशीच बोलली जाते. मी नीट सोचत असतानाच समोरच्या आखाड्याच्या आवारात दोरीवर नारिंगी रंग फडफडताना दिसला. एक नाही, सात नारिंगी कापडं, लांबच लांब.

"मालविका," मी कुजबुजलो, "त्यांनी तो कापून त्याचे सात तुकडे केलेत."

"अहो, ते लंगोट आहेत."

"चोराला तुला हेच वाटायला हवंय."

खिशातली मोजपट्टी काढून मी आत शिरलो. तिसरा तुकडा मोजत होतो, सात फूट दोन इंच भरला, तेवढ्यात उजेड कमी झाला. मागे वळलो तर एक पैलवान उभा. अंगाला माती, हातात मुद्गल.

"का हो गुरु, लंगोट नापत हउवा?"

तपासाची गुप्तता जपणं गरजेचं होतं. मी म्हणालो, "हाँ. सिलवाना है. अपने लिए."

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि फार वेळ विचार केला. "तोहरे खातिर रुमाल बहुत हौ," तो म्हणाला, आणि दोरीजवळून मला हळूच, पण उचलून, बाजूला ठेवलं.

मालविका रस्त्यात येऊन इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. मग तिनं घड्याळ पाहिलं आणि हसू थांबलं. नऊला पाच कमी होते. आम्ही नावेत बसलो तेव्हा पलीकडून मंडळी परत येताना दिसली. सकाळ गेली होती. गोपीनाथराव नावेच्या टोकाला बसले होते, नव्या निळ्या उड्डाणसूटमध्ये, हेल्मेट मांडीवर घेऊन. तो सूट शाखेनं वर्गणी काढून शिवला होता. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि काही विचारलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"नवा विंडसॉक मागवता येईल का कुठून?" मंडळी काठाला लागताच मी कुशलला विचारलं.

"लखनऊच्या शाखेला फोन केलाय. ते गाडीनं बारानंतरच निघू शकतात. आणि ट्रॅफिक धरून सहा-सात घंटे. सूर्यास्तापर्यंत पोचणं मुश्कील आहे, काका."

हे बोलताना त्यानं हात वर केला आणि मला त्याच्या मनगटावर नारिंगी धागा दिसला. मी मनातल्या मनात सगळं जुळवलं. परका माणूस. काल टेबलाजवळ उभा. फोटोत हसतोय, आणि कारण नसताना हसणारा माणूस काहीतरी दडवत असतो. आता मनगटावर त्याच रंगाचा धागा!

"हा धागा कुठला?" मी त्याच्या मनगटावर झडप घातली.

"कालभैरवाचा. काल सकाळी दर्शनाला गेलो होतो."

"काळा असतो तो!"

"काळा संपला होता. गुरुजी म्हणाले, हा घे, देव एकच आहे."

मालविकेनं माझा हात सोडवला. "तो स्वतःच्या खर्चानं सव्वा दिवसाचा प्रवास करून आलाय, एक सही करायला. आणि चोरी करायची तर नागपूरला काय विंडसॉक मिळत नाहीत?"

यात तथ्य होतं, हे मला मान्य करावं लागलं. कुशल मात्र भला मुलगा. त्यानं उलट मलाच विचारलं, "काका, तुमची शाल मस्त आहे. कुठे मिळाली?"

"बायकोनं काढून ठेवली," मी अभिमानानं म्हणालो. मालविका तेव्हा फोनवर लखनऊवाल्यांशी बोलत होती.

दुपारी एक वाजता आम्ही सगळे गोपीनाथरावांच्या बैठकीत जमलो. त्यांच्या बायकोनं, पद्मावहिनींनी, सगळ्यांना वरणभात वाढला. कुणाच्या घशाखाली फारसा उतरला नाही. माझ्या उतरला, कारण मेंदूला इंधन लागतं. जेवणानंतर मंडळी सतरंजीवर बसली आणि वहिनी आतल्या खोलीत काहीतरी खुडबूड करायला गेल्या. माझ्या डोक्यात मात्र एकेक दुवा जुळत होता. माकडं नाहीत. पतंगवाले नाहीत. पैलवान नाहीत. परका नाही. मग उरतो कोण? घरचाच.

मी उभा राहिलो. तपासाच्या शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून गुन्हेगाराकडे बोट दाखवायचं असतं, त्याशिवाय तपास पुरा झाला असं वाटत नाही.

"मित्रहो, विंडसॉक नसल्यानं फायदा कुणाचा? ज्याला उडायचं नाही त्याचा. बावीस वर्षं जो माणूस 'आधी तुम्ही' म्हणत जमिनीवर थांबला, तो का थांबला? गोपीनाथराव, विंडसॉक तुम्ही लपवलात. तुम्हाला भीती वाटते."

मालविका "अहो!" म्हणाली, पण ते तिच्या तोंडातल्या तोंडातच राहिलं.

गोपीनाथराव माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. "भीती वाटते, विश्वेश्वर," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून वाटते. 'आधी तुम्ही' म्हणायचो तेव्हा त्यात थोडं सौजन्य होतं आणि बरीचशी भीती होती. हे तू बरोबर ओळखलंस. पण या महिन्याभरात मला दुसरी एक भीती लागली. उद्या सकाळी उठेन, सत्तरीचा असेन, आणि हे राहूनच गेलेलं असेल. ही पहिलीपेक्षा मोठी आहे. त्यामुळे विंडसॉक मी नाही लपवला."

मला लाज वाटली. इतकी की मी मटकन खाली बसलो. पण गुप्तहेराचं तोंड एकदा सुरू झालं की बुद्धी थांबली तरी ते थांबत नाही. त्याच वेळी वहिनी आतून आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीमागे एक लोड सरकवला. मी टेकलो. आणि समोर काय चमत्कार! नऊच्या नऊ चेहरे माझ्या दिशेनं वळले, डोळे विस्फारलेले, तोंडं उघडी. कुशल तर गुडघ्यांवर उभा राहिला. माझ्या तर्काचा असा परिणाम मी आजवर पाहिला नव्हता. मला हुरूप आला.

"होय! कदाचित मी माणूस चुकलो असेन, पण दिशा चुकलो नाही! मी खात्रीनं सांगतो, विंडसॉक फार दूर नाही. तो या क्षणी आपल्यापैकीच कुणाच्या तरी—"

"पाठीशी आहे," मालविका म्हणाली.

मी वळून पाहिलं. लोडाला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा कोरा अभ्रा होता. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. एका टोकाशी परिषदेचा शिक्का.

"बघताय काय सगळे?" वहिनी म्हणाल्या. "कालची ती सत्काराची शाल हो. रात्री कपाटात ठेवायला खोकं उघडलं तर ही अशी, शिवलेली! दोन्हीकडून उघडी! म्हटलं, शाल नाही तर नाही, लोडाला अभ्रा होईल. आता चढवला तर इकडून सैल, तिकडून घट्ट. मेल्या शिंप्यानं कापड खाल्लंय."

"पद्मा," गोपीनाथराव म्हणाले, "हा विंडसॉक आहे."

"मला काय ठाऊक विंडसॉक कसा दिसतो? मी कधी आले आहे का तुमच्या रेतीवर? पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, तुम्ही उडाल त्या दिवशी येईन. आज सकाळी निघणारच होते, तेवढ्यात उड्डाण अडल्याचा निरोप आला. दुसऱ्यांना उडताना बघायला मला वेळ नाही." हे म्हणताना त्यांनी उगाच पदर सावरला.

शरदिनीताईंनी काळा चष्मा वर करून खोकं हातात घेतलं. "हेच माझं खोकं. एका जुन्या शालीचं होतं, मापात बसलं म्हणून घातलं. काल टेबलावर नारळाशेजारी ठेवलं होतं."

मग सगळ्यांना सगळं कळलं. नारळाशेजारी घडी घालून जे ठेवलेलं असतं ती शाल, हे आपल्या हाडीमाशी इतकं खिळलेलं आहे की कुशलनं ते उचललं, गोपीनाथरावांच्या हातात दिलं, आणि चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. सत्कारमूर्तीनं मिळालेलं खोकं उघडून बघायचं नसतं, बायकोच्या पिशवीत टाकायचं असतं. त्यांनी टाकलं. चोरीची वस्तू फोटोत सगळ्यात पुढे होती.

"पण मग खरी शाल कुठे गेली?" कुशलनं विचारलं. "शाल कोण आणणार होतं?"

सत्कार साहित्य प्रमुख कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. मालविका उठली, माझ्याजवळ आली, आणि माझ्या खांद्यावरच्या तपकिरी शालीच्या कोपऱ्यात टाचलेली दुकानाची चिठ्ठी तिनं हलक्या हातानं सोडवली.

"परवा तुम्हीच आणलीत," ती म्हणाली. "आणि तुम्हीच खुंटीला टांगलीत. विसरू नये म्हणून."

मी शाल काढली आणि नीट घडी घालून गोपीनाथरावांच्या पुढ्यात ठेवली. मला माफी मागायची होती, पण तोंड, जे मघाशी थांबत नव्हतं, ते आता उघडेना. त्यांनीच माझ्या पाठीवर थाप मारली. "चल, विश्वेश्वर. चार वाजायच्या आत पोचायला हवं. लोडाचा अभ्रा काढ."

पावणेचारला आम्ही रेतीवर होतो. वहिनी नावेतून उतरल्या तेव्हा त्यांनी चपला हातात घेतल्या आणि चारी बाजूंना बघितलं, एवढं काय होतं इथे बावीस वर्षं, असा चेहरा करून. मी कड्यात विंडसॉक अडकवला आणि दोरी ओढून वर चढवला. तो भर्रकन फुगला आणि आडवा ताठ झाला.

याचा अर्थ तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होता. वारा मर्यादेच्या वर होता. सांगायचं काम सुरक्षा प्रमुखाचं. मालविकेनं विंडसॉककडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. कुणी म्हणालं, थोडाच तर जास्त आहे. कुणी म्हणालं, इथे बघायला कोण येतंय. मीही म्हणालो असतो. मला त्या माणसाला हवेत गेलेलं बघायचं होतं, इतकं की सबंध आयुष्यात मला दुसरं काही तितकं हवं नव्हतं.

"थांबू या," गोपीनाथराव म्हणाले.

ते पाठीवर पंखा बांधून, खांबाजवळ रेतीतच बसले. साडेचार झाले. पाच झाले. लखनऊवाल्यांचा फोन आला, ते अजून सुलतानपूरलाही पोचले नव्हते; विंडसॉक सापडल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कुशल दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचा आणि घड्याळ झाकून टाकायचा. पलीकडे दशाश्वमेधावर आरतीच्या चौरंगांची मांडामांड सुरू झालेली दिसत होती. वहिनी नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या. ती दोघं काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि या एका बाबतीत मी कान टवकारले नाहीत.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी विंडसॉकचं टोक खाली आलं. पुन्हा वर गेलं. मग हळूहळू अर्ध्यावर उतरलं आणि तिथेच राहिलं.

"आता," मालविका म्हणाली. तिचा आवाज एकदम सुरक्षा प्रमुखाचा झाला. "सूर्यास्ताला वीस मिनिटं आहेत. काका, उठा."

आम्ही कापडी पंख रेतीवर पसरला. पंखा घरघरला. गोपीनाथराव पळायला लागले, सत्तरीला आलेल्या माणसाचं ते पळणं, अवघडलेलं, गुडघे वर उचलत. पंख त्यांच्या डोक्यावर उभा राहिला. पाय एकदा रेतीला लागले, दुसऱ्यांदा लागले, तिसऱ्यांदा लागलेच नाहीत.

मी रडलो. दक्षता प्रमुखाला हे शोभत नाही, पण मी रडलो, आणि माझ्या बाजूला कुशल रडत होता, आणि रामजतन नावेत उभा राहून "हर हर महादेव" ओरडत होता. गोपीनाथराव वर गेले, नदीकडे न जाता रेतीवरच मोठा गोल घेतला, मग दुसरा घेतला. आठ मिनिटं. सूर्य घाटांच्या मागे टेकला तेव्हा ते आमच्यापुढे तीस-चाळीस पावलांवर उतरले, गुडघ्यांवर बसले आणि तसेच बसून राहिले.

सगळ्यांच्या आधी वहिनी पोचल्या. चपला कुठे टाकल्या त्यांनाही आठवलं नाही.

"काय दिसलं वरून?" त्यांनी विचारलं. "आपलं घर दिसलं?"

गोपीनाथरावांना दम लागला होता. त्यांनी हेल्मेट काढलं. डोळे लाल झाले होते, आणि ते आमच्यापैकी एकेकाकडे बघत होते.

"घर शोधायला वेळच नाही मिळाला. तुम्ही सगळे खालून हात हलवत होतात ना, तेच बघत बसलो." त्यांनी हेल्मेट रेतीवर ठेवलं. "बावीस वर्षं जो कुणी वर जाईल त्याला मी खालून हात करायचो, पद्मा. वाटायचं, एवढ्या उंचीवरून कुणाला काय दिसणार."

"मग?"

"दिसतं गं. अगदी स्पष्ट दिसतं."